आवाज येतोय का?

आपल्याकडे गाडीच्या बिघाडाचे दोनच प्रकार आहेत. आवाज येणारा आणि आवाज न येणारा. पहिल्याला आपण बिघाड म्हणतो. दुसऱ्याला ‘मिस्त्रींचं म्हणणं’ म्हणतो.

एक्सलचा बूट फाटणं हे पक्कं दुसऱ्या प्रकारातलं. गाडी चालत असते, ॲव्हरेज तेच असतं, एसी गार करतो, ब्रेक लागतो, डॅशबोर्डवर कुठलाही लाल दिवा पेटत नाही. फाटका बूट शोधायला म्हणून कुणी जात नाही. तो दुसरंच काहीतरी शोधताना सापडतो. पंक्चर काढायला चाक उतरवलेलं असतं किंवा अलाइनमेंटसाठी गाडी रॅम्पवर चढवलेली असते, आणि तेवढ्यात खालून हाक येते, “साहेब, जरा इकडं या.”

या वाक्यानंतर आजवर कुणाचा पैसा वाचलेला नाही. मिस्त्री मोबाइलचा टॉर्च चाकाच्या आतल्या बाजूला मारतात. तिथे सगळं काळं आणि चिकट असतं. गाडीखालचं सगळंच आपल्याला काळं आणि चिकट दिसत असल्यामुळे यात विशेष काय ते कळत नाही. पण न कळल्याचं कबूल करायचं नसतं, म्हणून आपण “अच्छा, अच्छा” म्हणतो.

“बूट फाटलाय. ग्रीस सगळं बाहेर.”

“पण आवाज तर काही येत नाही!”

“आत्ता नाही येत.”

हा ‘आत्ता’ मिस्त्री इतक्या शांतपणे उच्चारतात, की माणूस आपलं वय, गाडीचं वय आणि बँकेतली शिल्लक यांचा एकदम विचार करू लागतो.

हे प्रकरण समजून घ्यायचं तर अँबॅसिडर आणि फिएटपर्यंत मागे जावं लागतं. त्या गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. त्यासाठी एक लांबलचक प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जायचा आणि त्याला वाट म्हणून गाडीच्या तळाला मधोमध उंचवटा असायचा. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याने गुडघे हनुवटीपाशी घेऊन त्या उंचवट्यावर पाय ठेवायचे. हा मान घरातल्या सगळ्यात धाकट्याचा, आणि तो नसेल तर सोबत येतो म्हणालेल्या पाहुण्याचा.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली. या गाडीत इंजिनही पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. लांब शाफ्ट गेला, उंचवटा खाली बसला, मधल्या माणसाला पाय फुटले. पण पुढच्या चाकांवर आता दोन नोकऱ्या आल्या. गाडी ओढायची आणि वळवायचीही. चाक गरगर फिरतंय, त्याच वेळी डावी-उजवीकडे वळतंय, शिवाय खड्ड्यात खालीवर होतंय. आणि या सगळ्यात गिअरबॉक्सकडून येणारा जोर एका दांड्यातून त्याच्यापर्यंत न अडखळता पोचला पाहिजे. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधा. दोन दांडे, चार सांधे, आणि प्रत्येक सांध्यावर एक रबरी बूट. त्या दिवशी चावीबरोबर हे चार बूटही मध्यमवर्गाच्या हवाली झाले. समारंभ मात्र चावीचाच झाला.

सांधा म्हटल्यावर जुने लोक म्हणतात, क्रॉस होताच की आमच्या वेळी. होता. रॉबर्ट हूकच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून तो लोकांना ठाऊक आहे. पण त्याला एक खोड आहे. तिरका धरून फिरवला की एका फेरीत तो दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. मागे जाणाऱ्या शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस बसवून एकाची घाई दुसऱ्याच्या रेंगाळण्यात जिरवता येते. वळणाऱ्या पुढच्या चाकाला मात्र तो एकटाच लावला तर स्टीअरिंग हातात नाचायला लागेल. यावर आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने १९२० च्या दशकात तोड काढली. बाहेर एक वाटी, आत एक गोलाकार गाभा, दोघांवर समोरासमोर कोरलेल्या खाचा, त्या खाचांत सहा पोलादी गोळ्या आणि गोळ्यांना ताब्यात ठेवणारा पिंजरा. चाक कितीही वळलं तरी सहाही गोळ्या त्या वळणाच्या कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत राहतात. त्यामुळे अलीकडचा दांडा जेवढ्या वेगाने फिरेल तेवढ्याच वेगाने पलीकडचं चाक फिरतं. ना घाई, ना रेंगाळणं. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनीने हा सांधा एवढ्याशा गाडीत बसवून दाखवला आणि मग जगातल्या छोट्या गाड्यांनी तोच रस्ता धरला.

आता गंमत पाहा. गोळीने आपल्या खाचेत अचूक फिरावं म्हणून पोलाद कडक करून, घासून, मापून एवढा काटेकोर सांधा बनवायचा, आणि त्याच्या रक्षणाला काय ठेवायचं? पेटीच्या भात्यासारख्या घड्या असलेलं एक रबर! आत मॉलिब्डेनम घातलेलं काळंकुट्ट ग्रीस, एका टोकाला मोठी क्लिप, दुसऱ्या टोकाला छोटी. सगळा बंदोबस्त एवढाच. या रबराने आतलं ग्रीस आत आणि बाहेरचा चिखल बाहेर ठेवायचा. शेजारच्या इंजिनाची उष्णता सोसायची, रस्त्यावरचा खडा खायचा, आणि ताशी साठच्या वेगाला मिनिटाला पाचशेहून जास्त गिरक्या घेत असताना प्रत्येक वळणावर आपल्या घड्या एका बाजूला मिटायच्या आणि दुसऱ्या बाजूला उघडायच्या. ‘मी गाडी फक्त रविवारी काढतो’ हे आपण मोठ्या प्रौढीने सांगतो. रबराला त्याचं कौतुक नसतं. ते उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

आधी घडीच्या तळाशी बारीक भेगा पडतात. त्या दिसत नाहीत, कारण चाक सरळ असताना घडी मिटलेली असते. मग एखाद्या दिवशी भेग आरपार जाते. सांधा फिरतच असल्यामुळे ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर, शॉकॲब्सॉर्बरवर पट्ट्यापट्ट्यांनी चिकटतं. रिकाम्या जागेत धूळ, वाळू आणि पाणी राहायला येतात. उरल्यासुरल्या ग्रीसमध्ये कालवली गेलेली ही माती मग पोलाद घासण्याचं काम घेते. जानेवारीत सोलापूरच्या बाजूला फिरणाऱ्या गाडीला यात बराच अवधी मिळतो. तीच गाडी भर पावसात मुंबई-गोवा रस्त्याने गणपतीला निघाली, तर प्रत्येक खड्डा जातीने येऊन आत काय काय भरून जातो.

हे सगळं अर्थातच आवाज न करता.

मिस्त्रींचं निदान घेऊन गाडी सोसायटीत आली की पार्किंगमध्ये तज्ज्ञांची बैठक भरते. पहिलं मत फिएटवाल्या काकांचं. “आमच्या फिएटला असलं काही नव्हतंच.” हे खरं आहे. त्या फिएटला ठरावीक किलोमीटरनंतर खाली शिरून, निपल शोधून, ग्रीसगनने ग्रीस मारावं लागायचं. रविवारची सकाळ त्यात जायची आणि काका त्याला हौस म्हणायचे. ज्या भागाची हौस म्हणून सेवा केली तो बिघडलाच नाही, अशी त्यांची आठवण आहे.

दुसरं मत हिशेबी गृहस्थांचं. “त्यात वरून ग्रीस भरायचं आणि चालवायची. माझ्या मेव्हण्याने वर्ष काढलं.” प्रत्येक सोसायटीत असा एक मेव्हणा असतो. तो कधी प्रत्यक्ष भेटत नाही, पण त्याची गाडी तेलाशिवाय, क्लचशिवाय आणि प्रसंगी चाकाशिवायही वर्षभर चाललेली असते. वरून भरलेलं ग्रीस ज्या दाराने आत गेलं त्याच दाराने बाहेर येणार, हे त्या गृहस्थांना पटत नाही. कारण मेव्हण्याच्या वेळी ते आलं नव्हतं.

तिसरं मत जुगाडवाल्या दादांचं. “सायकलची ट्यूब कापून गुंडाळायची, वरून इन्सुलेशन टेप, आणि दोन केबल टाय.” सांगताना त्यांचे हात हवेत टेप गुंडाळतही असतात. ग्रीस लागलेल्या रबरावर टेप चिकटत नाही, आणि चिकटली तरी एवढ्या गिरक्यांत ती सोसायटीच्या फाटकापर्यंत साथ देते. पुढचा प्रवास ती एकटीने करते.

चौथं मत भित्र्या माणसाचं. “चाक निखळून पडतं हो चालत्या गाडीत!” असं बूट फाटल्या फाटल्या होत नाही. सांधा पार झिजून मोडलाच, तर होतं ते वेगळं. डिफरन्शियलचा स्वभाव असा, की दोन चाकांपैकी एकाने अंग काढून घेतलं तर सगळा जोर तिकडेच वाहून जातो. मग इंजिन चालू, गिअर पडलेला, ॲक्सिलरेटर दाबलेला आणि गाडी जागच्या जागी उभी. एक सांधा कामावर आला नाही म्हणून दुसराही बसून राहतो. सरकारी कचेरीत हे पाहिलेलं असल्याने आपल्याला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

बैठकीच्या शेवटी अध्यक्षीय समारोप ठरलेला. “आवाज येतोय का? नाही ना? मग चालू दे.”

या ठरावाविरुद्ध जाऊन जो माणूस वेळेत बूट बदलतो, त्याच्यावर काय प्रसंग येतो ते पाहण्यासारखं आहे. तो पुण्यात असेल तर नाना पेठेत जातो. काउंटरमागचे शेठ मान वर न करता विचारतात, “व्हील साइड का गिअर साइड?”

“चाकाकडचा.”

“पेट्रोल का डिझेल?”

“पेट्रोल.”

“साल? कोणत्या महिन्यातली? एबीएस आहे का?”

गाडीची पत्रिका मांडून झाली की शेवटचा प्रश्न येतो. “सॅम्पल आणलंय?” सॅम्पल म्हणजे जुना फाटका बूट. तो गाडीवरच असतो. गाडीवर आहे म्हणूनच तर नवा हवा असतो. मग तीन पुड्या समोर पडतात. कंपनीचा, चांगला लोकल आणि नुसता लोकल. “फरक काय?” असं विचारलं की शेठ म्हणतात, “भावात आहे ना!” पुडीत बूट, ग्रीसची पिशवी आणि दोन क्लिपा असतात. सगळं मिळून काही शे रुपये.

बूट स्वस्त, त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता महाग. आधी मधला मोठा हब नट ढिला करायचा. तो हाताने हलत नाही. पान्याला पाइप लावला जातो, पाइपावर मिस्त्री उभे राहतात आणि मालकाला या कार्यातली एकमेव भूमिका दिली जाते. “साहेब, आत बसून ब्रेक दाबून धरा.” साहेब सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबतात. त्यांना वाटतं, काम आपणच करतोय. मग बॉल जॉइंट सुटतो, दांडा उपटला जातो, गिअर ऑइलची धार लागते आणि “बारक्या, डबा!” अशी आरोळी उठते. बारक्या डबा घेऊन येईपर्यंत निम्मं तेल जमिनीला अर्पण झालेलं असतं. सांध्यावर हातोडीचे बेतशीर घाव बसतात, तो दांड्यावरून निघतो, सर्क्लिप टणकन उडून दिसेनाशी होते. सांधा धुऊन, गोळ्या एकेक तपासून, नवं ग्रीस ठासून, नवा बूट चढवून क्लिपा आवळल्या जातात.

पण त्याआधी मिस्त्री हात पुसत जवळ येतात आणि मराठी भाषेतलं सगळ्यात खर्चिक वाक्य उच्चारतात. “एकदा खोललंच आहे तर...”

एकदा खोललंच आहे तर ऑइल सील टाकू. एकदा खोललंच आहे तर बॉल जॉइंट बघून घेऊ. लोअर आर्मचं बुशही गेलंय. बेअरिंगही जरा गुणगुणतंय. आणि पलीकडचा बूटही याच वयाचा आहे, तो काय मागे राहणार आहे? यातलं एकही वाक्य खोटं नसतं, हीच त्यातली अडचण. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

मोठ्या, गारेगार सर्व्हिस सेंटरमध्ये हे वाक्य ऐकावं लागत नाही. तिथे कॉफी देतात, टॅबवर बोट फिरवतात आणि अदबीने म्हणतात, “सर, नुसता बूट आम्ही करत नाही. पूर्ण शाफ्ट असेंब्लीच येते.” म्हणजे रबर फाटलं म्हणून रबर, सांधे, दांडा असं सगळं बदलायचं. आकडा हजारांत असतो. तो ऐकल्यावर कळतं, की कॉफी फुकट नव्हती.

तर, वेळेत बूट बदललेला गृहस्थ घरी येतो. घरचे विचारतात, “झाली गाडी?”

“झाली.”

“काय फरक पडला?”

इथे तो निरुत्तर होतो. फरक काहीच पडलेला नसतो. काल जशी चालत होती तशीच आज चालते. फरक पडू नये यासाठीच पैसे दिले, हे वाक्य बोलायला सोपं आहे. पण दहीभात कालवता कालवता ते कुणाला पटवून दाखवा. नवी म्युझिक सिस्टीम लावली तर ऐकवता येते, सीट कव्हर घातली तर पाहुण्यांना बसवता येतं. नवा बूट दाखवायला पाहुण्यांना गाडीखाली झोपवावं लागेल. खर्च करून काहीही न बदलणं हे आपल्याकडे उधळपट्टीच्या खालोखाल धरलं जातं.

उलट, ज्याने ठराव मानला त्याची शान बघा. काही काळाने त्याला आवाज येतो. गल्लीत यू टर्न मारताना, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की कट-कट-कट-कट. आता सगळे गंभीर होतात. गाडी मोकळ्या मैदानात नेली जाते. मुलांचं क्रिकेट थांबवून स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण कापून गोल गोल फेऱ्या सुरू होतात आणि मिस्त्री गाडीसोबत वाकून, कान लावून धावतात. उजवीकडे वळताना वाजलं तर बहुतेक वेळा दोष डाव्या सांध्याचा, डावीकडे वळताना वाजलं तर उजव्याचा. आठ-दहा बघे जमतात. कुणी डावं म्हणतो, कुणी उजवं. बिघाडाला अखेर बिघाडाची प्रतिष्ठा मिळते. फक्त आता बूट बदलून भागत नाही. गोळ्यांनी खाचांत खळगे पाडलेले असतात. नवं ग्रीस ते बुजवत नाही. सांधा तरी बदला नाही तर अख्खा शाफ्ट. आपण ज्याला तक्रारीची सुरुवात समजत होतो, तो निकाल असतो. पण या खर्चाचा हिशेब घरी कुणी मागत नाही. “आवाज बंद झाला ना? बरं झालं.” काही शे रुपये देणारा उधळ्या ठरतो आणि काही हजार देणारा कर्तबगार.

सरकारचाही कान असाच. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते. तिच्यात फाटक्या बुटातून धूळ आत जात असेल तर गाडी नापास. मग तिकडे स्थायिक झालेले आपले लोकही निमूटपणे बूट बदलतात. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. तोवर पीयूसीवाले सायलेन्सरच्या नळीत नळी घालून धूर तेवढा हुंगतात. एक्सलच्या बुटाला धूर येत नाही, त्यामुळे तो कायद्याच्या कक्षेबाहेर जगतो.

जुन्या गाड्यांच्या बाजारात तर या शांततेला भाव मिळतो. विकण्याआधी चाकामागचं काळं ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसलं, की फाटका बूट पुन्हा कुमार होतो. गिऱ्हाईक येतं, बॉनेटवर थाप मारतं, दरवाजा धाडकन लावून पाहतं, हॉर्न वाजवतं. ज्या ज्या वस्तूतून आवाज निघू शकतो ती प्रत्येक वस्तू वाजवून झाल्यावर म्हणतं, “आवाज नाही हो काही. घ्यायला हरकत नाही.” खरं तर स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून टॉर्च घेऊन चाकामागे डोकावलं तर घडी उघडी पडते आणि भेग दिसते. खर्च शून्य. पण त्यासाठी रस्त्यावर चार लोकांसमोर गुडघे टेकावे लागतात, आणि गाडी घ्यायला आलेला माणूस इस्त्रीच्या कपड्यात आलेला असतो.

हल्ली या सगळ्यावर एक नवा उपाय निघाला आहे. आमच्या सोसायटीतल्या त्या हिशेबी गृहस्थांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेढे देताना ते यादीच वाचून दाखवत होते. इंजिन नाही, इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. “आता मिस्त्रींचं तोंड बघायला नको!” योगायोगाने मिस्त्री कुणाची तरी बॅटरी बसवायला आले होते. त्यांनीही पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि खाली वाकून पुढच्या चाकामागे टॉर्च मारला. मोटर कसलीही असो, चाकापर्यंत दांडा लागतोच. दांडा आला की सांधा आला, आणि सांधा आला की बूट.

“चारी आहेत,” मिस्त्री पेढा चघळत म्हणाले. “आणि साहेब, हिला इंजिनचा आवाज नाही, म्हणजे कटकट सुरू झाली की पहिल्या दिवशीच ऐकू येईल. घेतलीत ते बरं केलं.”

गृहस्थ काही बोलले नाहीत. पण दुसरा पेढा मिस्त्रींना मिळाला नाही.